स्प्रिंगबॉक्स : दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"मी रग्बी बघतो" म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "हेल्मेट घालून खेळतात ते ना?" नाही, ते अमेरिकन फुटबॉल. मग पुढचा अंदाज येतो, "अच्छा, सामन्याआधी मांड्या थोपटून नाच करतात ते!" तेही नाही, ते न्यूझीलंड. मी ज्यांच्या मागे आहे ते गडद हिरव्या जर्सीतले, दक्षिण आफ्रिकेचे. मित्र, भाचे आणि ऑफिसातली मंडळी गेली काही वर्षं तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. हिशेब २०२५ अखेरपर्यंतचा आहे.

स्प्रिंगबॉक म्हणजे नक्की काय?

एक हरीण. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या माळरानावर राहणारं, आपल्या चिंकाऱ्याच्या भाऊबंदांतलं, उभ्या जागी चारही पायांवर उंच उसळणारं. १९०६ मध्ये पॉल रूसच्या नेतृत्वाखाली संघ पहिल्यांदा ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला. तिथल्या वर्तमानपत्रांनी काहीतरी विचित्र टोपणनाव चिकटवण्याआधी आपणच एक ठरवून टाकू, असा शहाणपणा त्यांनी केला आणि हे नाव घेतलं. चाहते नुसतं 'बॉक' किंवा आफ्रिकान्स भाषेत 'बोक्के' म्हणतात. मराठी कानाला 'बोक्के' ऐकून बोका आठवतो, त्याला इलाज नाही.

रग्बीतलं ओ की ठो कळत नाही. सामना बघायला किमान किती माहिती लागते?

पाच मिनिटांची. दोन्हीकडे पंधरा-पंधरा खेळाडू, चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन भाग. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण हाताने पुढे फेकता येत नाही. पास द्यायचा तर बाजूला नाही तर मागेच. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय', ५ गुण. त्यानंतरची यशस्वी किक २ गुणांची. समोरच्याने नियम मोडला आणि तुम्ही पेनल्टीची किक खांबांमधून मारली तर ३, खेळता खेळता ड्रॉप गोल मारला तर तेही ३. पिवळं कार्ड मिळालेला दहा मिनिटं बाहेर बसतो.

आणखी एकच गोष्ट, पण या संघासाठी कळीची : बाकावर आठ बदली खेळाडू असतात. म्हणजे संघ पंधराचा नाही, तेवीसचा. हे डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल.

विश्वचषक किती वेळा जिंकलाय?

चार वेळा : १९९५, २००७, २०१९ आणि २०२३. इतर कोणाचे एवढे नाहीत. न्यूझीलंडचे तीन, ऑस्ट्रेलियाचे दोन, इंग्लंडचा एक. स्पर्धा १९८७ पासून दर चार वर्षांनी होते. त्यातल्या पहिल्या दोन स्पर्धांत दक्षिण आफ्रिका नव्हतीच. म्हणजे आठ वेळा उतरले आणि चार वेळा कप घेऊन घरी गेले. अंतिम फेरी गाठली आणि हरले, असं एकदाही झालेलं नाही.

मला जास्त गंमत वाटते ती वेगळ्या आकड्यांची. चारही अंतिम सामन्यांत मिळून या संघाने ट्राय केले फक्त दोन, दोन्ही २०१९ मध्ये इंग्लंडविरुद्ध. आणि स्वतःवर होऊ दिला फक्त एक, २०२३ मध्ये न्यूझीलंडच्या बोडेन बॅरेटचा. १९९५ मध्ये १५-१२, २००७ मध्ये १५-६, २०२३ मध्ये १२-११ हे तिन्ही विजय निव्वळ पायाने मारलेल्या गुणांवर मिळवलेले. हा संघ सामना जिंकतो कसा, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही आणि त्याने चूक केली की तीन गुण खिशात टाकायचे.

पहिल्या दोन स्पर्धांना का नव्हते?

वर्णभेदामुळे. देशातल्या बहुसंख्य लोकांना ज्या जर्सीपासून दूर ठेवलं होतं, ती घेऊन जगभर खेळायला जाणं हळूहळू अशक्य झालं. १९८१ चा न्यूझीलंड दौरा तर प्रसिद्धच आहे. हॅमिल्टनमध्ये निदर्शक मैदानात घुसले आणि सामना रद्द करावा लागला. ऑकलंडच्या तिसऱ्या कसोटीत (रग्बीत देशादेशांतल्या सामन्याला कसोटी म्हणतात) एक छोटं विमान मैदानावर घिरट्या घालत पिठाच्या पुड्या टाकत राहिलं, आणि खाली खेळ चालूच होता. त्याच वर्षी एरल टोबायस हा पहिला गोरेतर खेळाडू स्प्रिंगबॉक झाला.

आपल्याकडच्या वाचकांना हे नवीन नाही. १९७४ मध्ये डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत समोर दक्षिण आफ्रिका आली, तेव्हा भारताने कप सोडला पण खेळायला नकार दिला. आणि बहिष्कार उठल्यावर त्यांचा क्रिकेट संघ पहिल्यांदा खेळला तो १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये ईडन गार्डन्सवर. रग्बीचं पुनरागमन त्यानंतर नऊ महिन्यांनी, १५ ऑगस्ट १९९२ ला जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर झालं. न्यूझीलंडकडून २४-२७ असे हरले.

१९९५ ची मंडेलांची गोष्ट खरोखर तशीच घडली का?

मुख्य गोष्ट तशीच घडली. २४ जून १९९५, एलिस पार्क, समोर न्यूझीलंड आणि त्यांचा धिप्पाड, वेगवान जोना लोमू. राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला कर्णधार फ्रान्स्वा पीनारच्या सहा नंबरची हिरवी जर्सी घालून मैदानात आले. हिरवी जर्सी म्हणजे गोऱ्या सत्तेचा गणवेश, असं मानणारी कृष्णवर्णीय माणसं आयुष्यभर पाहुण्या संघासाठी टाळ्या वाजवत आली होती. त्यांच्या नेत्याने तीच अंगात घातली. संघात तेव्हा गोरेतर खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स. चित्र रातोरात पालटलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल.

उपांत्य सामन्याची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. डर्बनला फ्रान्सविरुद्धच्या सामन्याआधी असा पाऊस कोसळला की मैदानाचं तळं झालं. सामना झालाच नसता तर फ्रान्स पुढे गेला असता, कारण आधीच्या कॅनडाविरुद्धच्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या जेम्स डाल्टनला बाहेर काढलं होतं आणि शिस्तीच्या हिशेबात फ्रान्स वरचढ होता. शेवटी बायका हातात झाडू घेऊन मैदानात उतरल्या आणि पाणी लोटून बाहेर काढलं. सामना उशिरा का होईना झाला, १९-१५. अंतिम सामना ऐंशी मिनिटांनंतर ९-९ होता. जादा वेळेत जोएल स्ट्रान्स्कीने ड्रॉप गोल मारून तो संपवला. संघाचे पंधराच्या पंधरा गुण त्याचेच.

संघाची ताकद नेमकी कशात आहे?

सगळ्यात आधी स्क्रममध्ये, म्हणजे छोट्या चुकीनंतर दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांना भिडून खेळ पुन्हा सुरू करतात त्यात. वरून बघताना सोळा माणसं डोकी घालून नुसती ढकलाढकली करताहेत असं वाटतं. पण ज्याने लाल मातीतली कुस्ती बघितली आहे त्याला पटकन कळेल : कोण किती वजनदार यापेक्षा कोणाची कंबर खाली आणि पाठ सरळ, यावर सगळं ठरतं. पुढच्या फळीतला प्रॉप समोरच्याच्या छातीखाली शिरला की समोरचा एकतर वर उचलला जातो नाही तर कोसळतो, आणि दोन्हीची शिक्षा पेनल्टी. या एका पेनल्टीतून बॉक्सची साखळी सुरू होते. चेंडू मैदानाबाहेर मारून तीस-चाळीस मीटर पुढे सरकायचं, तिथे लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांच्या मध्ये फेकून खेळ सुरू करणं) आपलाच, लाइनआउटमधून उंच लॉकने (दुसऱ्या फळीतल्या खेळाडूने) चेंडू झेलला की बाकीचे त्याच्याभोवती घट्ट गोळा होऊन मॉल ढकलत नेतात. रेषेपाशी हुकर (पहिल्या फळीतला मधला) चेंडू घेऊन पडतो. ट्राय! माल्कम मार्क्सने असे किती केले असतील! २०२५ चा जगातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

२०१९ चा अंतिम सामना या हत्याराने जिंकला. इंग्लंडचा प्रॉप काइल सिंकलर तिसऱ्याच मिनिटाला बेशुद्ध होऊन बाहेर गेला. त्याच्या जागी आलेल्या डॅन कोलसमोर होता टेंडाई मटावारीरा, ज्याला सगळे 'बीस्ट' म्हणतात. पुढचा तासभर इंग्लंडच्या स्क्रमचं जे झालं ते बघवत नव्हतं. ३२-१२.

दुसरी ताकद बचावाची. यांची फळी मागे सरकत नाही, उलट झेपावत पुढे येते, आणि कडेचे खेळाडू आतल्यांपेक्षाही आधी. कबड्डीत कोपऱ्यातला गडी चढाईवाल्याची परतीची वाट तोडतो ना, तसंच. पास जिथे जाणार तिथे हा आधीच पोचलेला असतो. जॅक नीनाबरने ही पद्धत घोटून घोटून बसवली. तो मूळचा फिजिओथेरपिस्ट, २०२३ च्या कपला मुख्य प्रशिक्षक.

तिसरी, पायाची. स्क्रमहाफने, म्हणजे गर्दीतून चेंडू बाहेर काढणाऱ्याने, रकच्या (जमिनीवरच्या चेंडूभोवतीच्या झटापटीच्या) मागून चेंडू उंच उडवायचा आणि तो खाली येईपर्यंत चेस्लिन कोल्बे किंवा कर्ट-ली अरेंडसे खाली हजर. कोल्बे तर पावणेसहा फुटांच्या आतला, पण दोघांची उसळी अशी की संघाचं नाव त्यांच्यावरून पडलं असावं!

चौथी बाकावर बसलेली असते. तिला वेगळा प्रश्न हवा.

'बॉम्ब स्क्वॉड' हे काय प्रकरण आहे?

बदली खेळाडूंची टोळी. रग्बीत बहुतेक संघ बाकावर पाच फॉरवर्ड (पुढचे धिप्पाड) आणि तीन बॅक (मागचे पळणारे) ठेवतात. बॉक्सनी २०१९ मध्ये सहा-दोन सुरू केलं. प्रतिस्पर्धी पन्नास मिनिटं झुंजून थकला की पुढची अख्खी फळी ताज्या दमाची, आणि दर्जाही तोच. सुरुवातीला खेळणारे मूळ आणि नंतर येणारे राखीव, ही भाषाच या संघात चालत नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये लंडनला न्यूझीलंडविरुद्ध थेट सात-एक ठेवलं आणि ३५-७ ने जिंकले. 'खेळाच्या आत्म्याला धक्का' वगैरे ओरड झाली. धोका खरा आहे : मागच्या फळीतले दोघं जायबंदी झाले तर संपलं. तरीही दोन महिन्यांनी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पुन्हा सात-एकच. बाकावर राखीव स्क्रमहाफसुद्धा नव्हता.

२०२३ मध्ये तीन सामने एकेका गुणाने जिंकले. नशीबच म्हणायचं ना?

हा प्रश्न न्यूझीलंडच्या चाहत्यांकडून येतो आणि मला रागही येत नाही, कारण थोडं आहेच. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्स २९-२८, उपांत्य फेरीत इंग्लंड १६-१५, अंतिम सामन्यात न्यूझीलंड १२-११. तिन्ही पॅरिसच्या स्ताद द फ्रान्सवर, लागोपाठच्या तीन आठवड्यांत. पण नशीब एकदा दार ठोठावतं, तीनदा नाही.

फ्रान्सविरुद्ध कोल्बे रेषेवरून असा सुटला की थोमा रामोसची ट्रायनंतरची साधी किक त्याने पायापाशीच अडवली. ते दोन गुण आणि शेवटचा फरक एक गुणाचा. त्याच सामन्यात डेमियन विलेम्सेने स्वतःच्या रेषेजवळ चेंडू झेलून 'मार्क' घेतला, म्हणजे तिथेच मोकळी किक मिळवली. अशा वेळी सगळे चेंडू लांब मारून मोकळे होतात. त्याने पंचांना खूण केली, स्क्रम द्या. स्वतःच्या घराच्या दारात कुस्ती मागितली! इंग्लंडविरुद्ध ६-१५ ने मागे होते. बाकावरून आलेल्या आरजी स्नायमनने ट्राय केला, बाकावरून आलेल्या ऑक्स न्चेने स्क्रममध्ये पेनल्टी मिळवली आणि बाकावरूनच आलेल्या हान्द्रे पोलार्डने सत्त्याहत्तराव्या मिनिटाला जवळजवळ पन्नास मीटरवरून ती मारली.

पोलार्ड मुळात संघातच नव्हता. स्पर्धा सुरू झाल्यावर हुकर मार्क्सचा गुडघा गेला. हुकरच्या जागी हुकर बोलवायचा सोडून यांनी बोलावला किकर, कारण मानी लिबॉकच्या किका हुकत होत्या. गटात आयर्लंडकडून ८-१३ ने हरले तेव्हाही किकांचे सोपे गुण सुटले होते. आता खरा हुकर उरला एकच, बोंगी म्बोनाम्बी. अंतिम सामन्यात पहिल्या काही मिनिटांतच तो जखमी होऊन बाहेर गेला. त्याच्या जागी आला डिऑन फूरी, वय ३७, तेव्हा मुख्यतः फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड) म्हणून खेळणारा. लाइनआउट एकामागून एक हातातून जायला लागले. आणि संघाचे बाराच्या बारा गुण मारले कोणी? पोलार्डने, सगळे पहिल्या अर्ध्या भागात. एकाच निर्णयाने कप जवळजवळ घालवला आणि मिळवूनही दिला.

तो सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाला. २८ ऑक्टोबर, कोजागरी, आणि त्या वर्षी नेमकं चंद्रग्रहण. घरात वेधांमुळे मसाला दूध लवकर उरकलेलं, गच्ची रिकामी. मी मोबाइल पाण्याच्या टाकीला टेकवून बसलो होतो. उत्तरार्धात बॉक्सना एकही गुण मिळाला नाही. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन लाल कार्डामुळे बाहेर, तरी चौदा जण चाल करून येत होते. त्र्याहत्तराव्या मिनिटाला कोल्बेला पिवळं कार्ड. तो बाजूच्या खुर्चीत बसला आणि त्याने जर्सी ओढून तोंडावर घेतली. शेवटची मिनिटं त्याने पाहिलीच नाहीत. जॉर्डी बॅरेटची लांबची पेनल्टी बाहेर गेली. पीटर-स्टेफ डु टॉयने त्या रात्री एकट्याने २८ टॅकल केले. वर चंद्राला ग्रहण लागलं होतं म्हणे, मी मान वर केलीच नाही.

मग कच्चे दुवे कोणते?

पहिला वर आलाच : किकर चांगला नसला की संघ लंगडतो. कमी ट्राय करून जिंकणाऱ्याला प्रत्येक पेनल्टी लागते.

दुसरा त्यांच्या बचावातच दडलेला आहे. झेपावत पुढे येणाऱ्या फळीच्या मागे आणि कडेला मोकळी जागा राहते. जो संघ घाबरून न जाता वेगाने दोन पास पलीकडे काढतो, त्याला ती सापडते. ऑस्ट्रेलियाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये एलिस पार्कवर हेच केलं. बॉक्स वीस मिनिटांत २२-० पुढे होते, मी चहा टाकायला उठलो. अंतिम गुणसंख्या २२-३८. पुढचे अडतीस गुण सलग ऑस्ट्रेलियाचे. चहा उतू गेला तो वेगळाच.

तिसरा वय. कोलिसी, एट्झबेथ, कोल्बे, डी अलेंडे ही मंडळी तिशी ओलांडून बरीच पुढे गेली आहेत. २०२७ च्या विश्वचषकाला यातले किती धडधाकट असतील, ही काळजी खरी आहे. एबन एट्झबेथच्या नावावर तर देशातले सर्वाधिक कसोटी सामने आहेत, अंग ते विसरणार नाही.

चौथा शिस्तीचा. २०२३ च्या अंतिम सामन्यातसुद्धा यांना दोन पिवळी कार्डं होती.

जपानकडून हरले होते ते कधी?

१९ सप्टेंबर २०१५, ब्रायटन, ३२-३४. विश्वचषकातल्या सगळ्यात मोठ्या उलथापालथींतली ही एक. शेवटच्या क्षणी जपानला पेनल्टी मिळाली होती, तीन गुण घेऊन बरोबरी सहज झाली असती. त्यांनी ती नाकारून ट्रायसाठी जोर लावला आणि जिंकले. चाहता म्हणून लाज वाटली, प्रेक्षक म्हणून टाळ्या वाजवल्या. त्या स्पर्धेत बॉक्स तरीही तिसरे आले.

संघाचा सगळ्यात वाईट काळ?

२०१६ आणि २०१७, वादच नाही. २०१६ मध्ये बारापैकी चारच सामने जिंकले. डर्बनला घरच्या मैदानावर न्यूझीलंडकडून १५-५७, फ्लॉरेन्सला इटलीकडून १८-२०, म्हणजे इतिहासात पहिल्यांदा इटलीकडून हार. पुढच्या वर्षी न्यूझीलंडमध्ये ०-५७ आणि डब्लिनला आयर्लंडकडून ३-३८. तेव्हा कोणी म्हटलं असतं की दोन वर्षांत हेच विश्वविजेते होतील, तर त्याला वेड्यात काढलं असतं.

मग बदललं काय?

२०१८ मध्ये रासी एरास्मस आला. स्वतः जुना स्प्रिंगबॉक, डोकं तिरपं चालणारा. त्याने तीन गोष्टी केल्या : परदेशी क्लबांत खेळणाऱ्यांना संघाचं दार उघडलं, खेळ सोपा करून टाकला, आणि कर्णधारपद सिया कोलिसीला दिलं.

एरास्मसबद्दल मतं टोकाची आहेत. २०२१ मध्ये पंचगिरीवर टीका करणारा तासाभराचा व्हिडिओ बनवला म्हणून त्याच्यावर बंदी आली. ते चुकलंच. पण कल्पकता बघा : २०२३ मध्ये प्रशिक्षकांच्या खोलीतून रंगीत दिव्यांनी मैदानात खुणा. २०२५ च्या जुलैत इटलीविरुद्ध सामन्याची पहिलीच किक मुद्दाम दहा मीटरच्या आत मारली, कारण त्या चुकीची शिक्षा म्हणून स्क्रम मिळतो आणि यांना स्क्रमच हवा होता! त्याच सामन्यात खेळ चालू असताना मधेच एकाला लाइनआउटसारखं उचलून मॉल बांधला. निकाल ४५-०.

कोलिसीचं एवढं कौतुक का?

जन्म १६ जून १९९१, पोर्ट एलिझाबेथजवळच्या झ्विडे वस्तीत. आताचं ते शहर गेबेहा. घरी खायची भ्रांत. बाराव्या वर्षी शिष्यवृत्तीवर मोठ्या शाळेत गेला तेव्हा इंग्रजी धड येत नव्हतं. २०१८ च्या जूनमध्ये संघाचा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार झाला. पहिल्याच सामन्यात इंग्लंडविरुद्ध ३-२४ ने मागे पडून ४२-३९ ने जिंकले. पुढे दोन विश्वचषक कर्णधार म्हणून उचलले. १९९५ मध्ये मंडेलांनी घातलेली सहा नंबरची जर्सी आज याच्या पाठीवर आहे. मला वाटतं, १९९५ ला जे वचन दिलं होतं ते पाळायला २०१९ उजाडलं.

दक्षिण गोलार्धातल्या स्पर्धेत काय रेकॉर्ड आहे?

विश्वचषकाच्या मानाने फिकं. पूर्वीची ट्राय नेशन्स (दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया या तीन देशांची) तीनदा जिंकली : १९९८, २००४, २००९. अर्जेंटिना आल्यावर तिची रग्बी चॅम्पियनशिप झाली, ती २०१९, २०२४ आणि २०२५ मध्ये. लागोपाठ दोन वर्षं हा पराक्रम मात्र त्यांच्यासाठी पहिलाच. २०२५ चा प्रवास वेडावाकडा होता. ऑस्ट्रेलियाकडून ती दारुण हार, मग ऑकलंडला १७-२४, आणि पुढच्याच आठवड्यात वेलिंग्टनला न्यूझीलंडवर ४३-१०. ऑल ब्लॅक्सच्या, म्हणजे न्यूझीलंड संघाच्या, इतिहासातला हा सगळ्यात मोठा फरकाचा पराभव. आधीचा विक्रमही बॉक्सनीच २०२३ ला लंडनमध्ये केला होता. त्यानंतर डर्बनला अर्जेंटिनाविरुद्ध ६७-३०, त्यात साशा फाइनबर्ग-म्न्गोमेझुलूचे एकट्याचे ३७ गुण. हा पोरगा बघाच. बॉक्स कंटाळवाणं खेळतात म्हणणाऱ्यांना मी हल्ली फक्त याचं नाव सांगतो.

न्यूझीलंडशी एवढं वैर कशाचं?

वैर नाही, भाऊबंदकी. शंभर वर्षांपासूनची. एकच सल उरला आहे : ऑकलंडचं ईडन पार्क. तिथे बॉक्स शेवटचे जिंकले १९३७ मध्ये. ऑल ब्लॅक्स त्या मैदानावर १९९४ पासून कोणाकडूनच हरलेले नाहीत, एवढाच काय तो दिलासा.

महिला संघ आणि सेव्हन्सचं काय?

महिला संघाने २०२५ च्या विश्वचषकात पहिल्यांदा उपांत्यपूर्व फेरी गाठली, न्यूझीलंडकडून हरल्या. सात जणांच्या प्रकारातले 'ब्लिट्झबॉक्स' २०१६ आणि २०२४ च्या ऑलिंपिकला कांस्यपदक घेऊन आले. हा सेव्हन्सचा प्रकार प्रत्यक्ष बघायचा असेल तर मुंबईकरांना सोय झाली आहे : २०२५ च्या जूनमध्ये रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम अंधेरीच्या क्रीडा संकुलात झाला.

सामने आपल्या वेळेनुसार कधी असतात?

दक्षिण आफ्रिका आपल्या साडेतीन तास मागे. तिथे संध्याकाळी पाचला सुरू होणारा सामना इथे साडेआठला, जेवता जेवता बघण्यासारखा. न्यूझीलंडमधले संध्याकाळचे सामने तिथल्या हिवाळ्यात इथे दुपारी साडेबाराच्या सुमारास येतात, म्हणजे शनिवारच्या जेवणाच्या आधी. नोव्हेंबरमधले युरोपचे सामने रात्री उशिरा.

२०२७ ला सलग तिसरा कप मिळेल का?

सलग तीन आजवर कोणालाच जमलेले नाहीत. स्पर्धा ऑस्ट्रेलियात, पहिल्यांदाच चोवीस संघांची, आणि बॉक्सच्या गटात इटली, जॉर्जिया आणि रोमानिया. गट सोपा म्हणतील सगळे. जॉर्जियाचा सामना तेवढा चुकवू नका. तिथल्या लोकांचीही स्वतःची मातीतली कुस्ती आहे आणि त्यांचे प्रॉप फ्रान्सचे क्लब शोधून शोधून नेतात. निकाल काय लागेल ते सोडा, पण स्क्रम लागला की मोबाइल खाली ठेवा आणि पहिल्या फळीच्या कमरा बघा. कोणाची खाली आहे, तेवढंच.